अकुशल काम

—थांबा हो भावजी, सही करायच्या आधी वाचू तरी द्या! दुकानदार संघाचं निवेदन आहे, हे नाहीत म्हणून मी करायची, तर निदान कशावर करतेय ते कळू दे. हं — ‘किमान वेतन वाढवल्यास छोटी दुकाने बंद पडतील.’ अगदी खरं! आमच्या लाँड्रीचे तर हालच हाल — मागच्या महिन्यात नवी गाडी घेतली, त्यावरूनच ओळखा. पुढे काय — ‘अकुशल कामगारांना एवढा पगार देणे परवडत नाही.’ अकुशल म्हणजे आमच्या इस्त्रीवाल्या मावशीच ना? चौदा वर्षं उभ्या होत्या या टेबलाशी. परवा म्हणाल्या, सरकार वाढवेल तेव्हा वाढवेल, तुम्ही एक तारखेपासून वाढवा, नाहीतर मी चालले. हे म्हणाले, खुशाल जा, इस्त्रीला काय अक्कल लागते? गेल्या. चौकातल्या मोठ्या लाँड्रीने हात धरून नेल्या. — तो शर्ट बघा खुंटीवरचा. वकिलांचा. पाठीवर तपकिरी त्रिकोण दिसतोय? आज सकाळी ह्यांनी जातीने इस्त्री केलीय! हसताय काय, वकील संध्याकाळी यायचेत.

मी म्हटलं होतं हो ह्यांना, द्या वाढवून. तर म्हणे, तिच्यावाचून काय अडतंय, तू आहेसच की! — आहेच. मावशी यायच्या आधी सहा वर्षं इथे कोण होतं? मीच. धाकटीच्या वेळी आठवा लागेपर्यंत इस्त्री ओढत होते. पगार? अहो, मालकीण ना मी! मालकिणीला कसला पगार? मावशींना ठेवलं तेव्हा मी विचारलं, काय द्यायचं त्यांना? हे म्हणाले, तू फुकट करतेस, त्या मानाने काहीही दिलं तरी जास्तच. आणि मी — मी हसले होते हो तेव्हा. मावशींच्या समोर. चांगलं खदाखदा.

...काय? नाही, रडत नाहीये, वाफ जाते डोळ्यांत. — इस्त्री बंद आहे, माहितेय मला.

पेन ठेवा खिशात. सही ह्यांचीच घ्या, तासाभरात येतील. मी चाललेय मावशींकडे. परत बोलवायला? छे! कुठल्या तोंडाने बोलवू? त्यांच्या नव्या ठिकाणी आणखी एक बाई लागतेय का, तेवढं विचारते. — अहो, बघताय काय असे? उठा, शटर ओढायचंय मला.