रॉलिंग्जची चेन

श्रद्धा : हसल्या त्या, बाबा, फक्त हसल्या! आणि तुम्ही अन्वीला उचलून थेट बाहेर? तिचा एक बूट तिथेच टाकून?

बाबा : बूट मी घेऊन येईन.

श्रद्धा : बुटाचं नाही हो! मंडेपासून माझं ऑफिस. अख्ख्या एडिनबरात ही एकच चाइल्डमाइंडर, जिच्याकडे अन्वी रडत नाही. घानाच्या अकोसुआआंटी म्हटल्यावर तुम्हीच किती खूश झालात. ‘पाच वर्षं कुमासीत गणित शिकवलंय मी!’

बाबा : अन्वीच्या गळ्याला हात लावून त्या काय म्हणाल्या, ऐकलंस?

श्रद्धा : ‘रॉलिंग्ज चेन.’ असेल तिकडचा एखादा दागिना.

बाबा : दागिना नव्हे. ही गळ्याखालची हाडं. त्र्याऐंशी साली तिथे दुष्काळ पडला, रानं जळाली. ज्याच्या त्याच्या गळ्याची हाडं वर आली. तेव्हा राष्ट्रप्रमुख होता रॉलिंग्ज. लोक म्हणाले, साहेबांनी प्रत्येकाला चेन केली.

श्रद्धा : म्हणजे त्याही तेच म्हणाल्या, अन्वी हडकलीय. वजनात नाइन्थ सेंटाइल, शंभर मुलांत खालून नववी. तिच्या तपासणीच्या रेड बुकमधला तो ग्राफ मी रोज उघडून बघते बाबा. रोज. म्हणून राग आला तुम्हाला?

बाबा : त्यांचा नाही आला.

श्रद्धा : मग रॉलिंग्जचा? हुकूमशहाच ना तो?

बाबा : एका शब्दात बसत नाही गं तो माणूस. हवाई दलातला, जेमतेम तिशीचा. बंड झालं, तीन माजी राष्ट्रप्रमुखांना गोळ्या घातल्या, आणि चार महिन्यांत निवडून आलेल्यांना सत्ता देऊन मोकळा. दोन वर्षांनी पुन्हा बंड. त्याच्या राजवटीत तीन न्यायाधीशांना घरातून उचलून नेऊन मारलं. आणि हाच गडी गटारं उपसायला स्वतः उतरायचा. पुढे दोनदा निवडून आला, मुदत संपली तसा घरी गेला. आता माणूसही गेला. पण एकाच घरात कुणी त्याला देव मानतं, कुणी खुनी.

श्रद्धा : आणि तुम्ही?

बाबा : मी भाळलो होतो. त्याच्या हाकेवर विद्यार्थी खेड्यांत अडकलेली कोकोची पोती वाहायला निघाले, तर हा मास्तर त्यांच्या पुढे. आपल्याकडचे बाकीचे मास्तर परत गेले. तुझी आई म्हणायची, जाऊ या हो. मी म्हणालो, हा माणूस देश उभा करतोय, सहा महिने कळ काढ.

श्रद्धा : बाबा... आई मला आंघोळ घातली की गळ्यावरून बोट फिरवायची. ‘चेन नाही ना? नाही. बरं झालं.’ मला वाटायचं, सोन्याची चेन करता आली नाही म्हणून बोलते. पहिल्या पगारात मी तिलाच आणली, तर रडत बसली. कधी घातलीच नाही.

बाबा : माहीत आहे.

श्रद्धा : कुणाच्या गळ्यावर बघितली होती तिनं?

(बाबा उठून किटली चालू करतात.)

बाबा : तुला मोठी बहीण होती, कुमासीत. अन्वीएवढीच, चौदा महिन्यांची. गोवर आला. झुंजायला अंगात काही नव्हतंच.

श्रद्धा : नाव?

बाबा : आम्ही रेवा म्हणायचो. तिकडे जन्मवारावरून नाव पडतं. रविवारची म्हणून शेजारणी तिला अकोसुआ म्हणायच्या.

श्रद्धा : आणि मला कुणीच सांगितलं नाही.

बाबा : रॉलिंग्जचा बाप इथलाच, स्कॉटिश. त्यानं मुलाला चारचौघांत कधी आपला म्हटलं नाही, असं सांगतात. मला त्या बापाची फार चीड यायची. मी तरी बेचाळीस वर्षं काय केलं?

श्रद्धा : बाबा, बसा. चहा घ्या. ...अकोसुआआंटींचा मेसेज आहे. ‘माझं काही चुकलं का?’ काय लिहू?

बाबा : त्यांचं काही चुकलं नाही. तिथली माणसं हसली म्हणून तगली. मला तेव्हाही जमलं नाही. लिही, सोमवारी अन्वीला आजोबा घेऊन येतील.

श्रद्धा : नक्की?

बाबा : हो. डबा तेवढा मोठा भर. उरला तर उरू दे.