लिंडा सेक्टर दहात जेवायले आली

अरे, बास्केटबॉलवाली लिंडा आमच्या सेक्टर दहातल्या क्वार्टरमध्ये जेवायले आली, ते तुमाले सांगितलंच नाही मी! अमेरिकेची बाई, सहा फुटांच्या वर उंच, दारातून वाकूनच आत आली. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट, भिलाईत आम्हा पोरींले थोडे दिवस खेळ शिकवायले आली होती. माझं बी.ए. नुकतंच झालं होतं आणि बाबांनी सांगून टाकलं होतं, "आता खेळ बंद. लग्नाचं पाहू."

आई पुरणपोळी वाढता वाढता मले म्हणे, "विचार ना हिले, घरदार सोडून इतक्या दूरदूर कावून खेळून राहिली?"

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. लिंडा हसून म्हणाली, "आमच्याकडे कॉलेज संपलं की पोरींचं खेळणंही संपतं. पुढे संघच नाहीत. म्हणून आधी इटलीत खेळले, आता स्पेनमध्ये खेळते."

मी ते आईले मराठीत सांगितलं. आईचा हात थांबला.

"अगं बाई! अमेरिकेतही हेच?"

तिनं लिंडाच्या पोळीवर तुपाची धार सोडली, खूप वेळ सोडली, आणि बाबांकडे वळली.

"ऐकलं का? पोरगी उद्यापासून ग्राउंडवर जाणार. आपल्या घराची अमेरिका नाही करायची मले!"