मडगार्डची खडखड

पंक्चर काढायला आलेली एक शाळकरी मुलगी नंबराची वाट बघत उभी होती. पुढच्या काकांचा आवाज चढला तसे तिने कान टवकारले. काकांच्या हातात चकचकीत निळी सायकल होती.

"मिस्त्री, हिची जुनी सीट परत द्या."

"अहो, लक्तरं झाली होती तिची, भंगारात गेली! पण काम बघा की. अंगणात सडलेली सायकल आता कशी नवरीसारखी दिसतेय!"

"ज्याची आहे त्या माझ्या दोस्ताला दिसत नाही ना पण."

"म्हणजे?"

"डोळे गेले त्याचे. म्हटलं, कॅरिअरवर बसवून फिरवून आणू. त्यानं सीट चाचपली, हँडल चाचपलं, घंटी वाजवली आणि म्हणाला, 'माझी विकलीस, आणि ही कुणाची आणून मला फसवतोयस?'"

"शपथ घ्यायची!"

"घेतली की. तोंड फिरवून झोपला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही."

"थांबा, मागचं मडगार्ड ढिलं करतो. पूर्वी केवढं खडखडायचं! ऐकलं की ओळखेल."

मिस्त्रींनी पाना फिरवला. काकांनी सायकल हलवून बघितली.

"असंच ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही."

"अजून ढिलं करू?"

"नको, आवळून टाका. तिची खडखड त्याच्या कानात पाठ आहे. खोटी ऐकवली, तर मग खरंच फसवणं होईल."