सगळे फोटो चंद्राचेच

मी, खाली सही करणारी, वय ४४ वर्षे, काम दातांच्या कवळ्या तयार करण्याचे, राहणार बाजारामागच्या रस्त्यावरील चारमजली इमारत, वरचा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे सासरे असे दोघेच राहत होतो. माझे पती आजारपणात गेले, त्याला काही वर्षे झाली. धाकटे दीर दुसऱ्या शहरात नोकरीला असतात. सासऱ्यांचे वय ७३ होते. त्यांनी जन्मभर शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. मी त्यांना बाबा म्हणत असे, म्हणून पुढेही तसेच लिहावे.

गेल्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढले. पट्टी सुटल्यावर ते एका संध्याकाळी गच्चीवर गेले आणि मला हाक मारून म्हणाले, "सूनबाई, चंद्राला डाग असतात हे मी विसरूनच गेलो होतो गं." त्यानंतर मी त्यांना दुर्बीण आणून दिली. ती नवशिक्यांसाठी असते तसली, तीन पायांच्या स्टँडवरची आहे. एक पाय ढिला होता, तो बाबांनी मशिनीचा स्क्रू लावून पक्का केला.

पुढे त्यांना चंद्राचे फोटो काढायचा नाद लागला. डोळा लावायच्या जागी मोबाईल अडकवायची क्लिप मिळते, ती त्यांनी मागवली. सुरुवातीला फोटोत नुसता पांढरा गोळा येई. मी म्हटले, "बाबा, हा तर बल्ब दिसतोय." ते म्हणाले, "हसू नकोस. तुझी पहिली कवळी तरी बसली होती का कुणाच्या तोंडात?" हळूहळू ते मोबाईलमधला उजेड कमी करायला शिकले. पूर्ण चंद्रावर समोरून ऊन पडते, म्हणून तो सपाट दिसतो. कोरीच्या कडेला सावली असते, तिथे खड्डे उठून दिसतात, असे ते मला समजावत. त्यांचा हात थरथरत असे. बटण दाबले की दुर्बीण हलायची आणि चंद्र निसटायचा. म्हणून मोबाईलला टायमर लावून ते हात मागे बांधून बाजूला उभे राहत. हे मी मुद्दाम सांगत आहे. मोबाईल लावलेला असताना दुर्बिणीला डोळा लावता येत नाही.

कोर दिवस मावळताना पश्चिमेला, अगदी खाली दिसते व लवकर मावळते. आमच्या पश्चिमेला रस्त्यापलीकडे जी इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर केबलवाला राहतो. काही महिन्यांपूर्वी त्याची बायको आमच्या दारात येऊन म्हणाली होती की, "तुमचे सासरे आमच्या खिडकीकडे नळी लावून बसतात, बरं दिसत नाही ते." मी तिला गच्चीवर नेले. बाबांनी तिच्यासाठी स्टूल पुसून दिले. तिने डोळा लावला आणि म्हणाली, "अगंबाई, देवी येऊन गेल्यासारखे व्रण आहेत की तोंडावर!" बाबा खूप हसले. त्यानंतर ती कधीकधी खिडकीतून हात वर करून "आज आहे का?" असे खुणेने विचारी आणि बाबा मान हलवून हो म्हणत.

मंगळवारी संध्याकाळी तिने तशी खूण केली. मी वाळलेले कपडे काढत होते, मी पाहिले. त्या वेळी केबलवाला घरात होता की नाही, मला माहीत नाही. बाबा म्हणाले, "मावळायच्या आत एक तरी नीट मिळायला हवा. तू चहा टाक, मी आलोच."

मी कपडे घेऊन खाली येत असताना जिन्यात केबलवाला व त्याचा मेहुणा भेटले. मी विचारले, "कोण हवंय?" मेहुणा म्हणाला, "म्हाताऱ्याला जरा तारे दाखवायचेत." मला वाटले, हेही दुर्बीण बघायला आले. आमच्या इमारतीतले लोक अधूनमधून येत असत. मी घरात जाऊन चहाचे आधण वाढवले.

कप काढत असताना वर आवाज चढलेले ऐकू आले. "व्हिडिओ काढतोस? ह्या वयात?" हा आवाज केबलवाल्याचा होता. बाबांचे शब्द नीट कळले नाहीत. ते कधी मोठ्याने बोलत नसत. मग काहीतरी धातूचे पडले. मी गॅस बंद करून वर धावले. गच्चीच्या दाराशी पोचले तेव्हा केबलवाल्याने दोन्ही हातांनी बाबांच्या छातीवर धक्का दिला. तो मी डोळ्यांनी पाहिला. बाबा मागे पडले व त्यांचे डोके पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर आपटले. ते ओरडले नाहीत.

मी त्यांचे डोके मांडीवर घेतले. केबलवाला पडलेल्या दुर्बिणीला लावलेला मोबाईल काढून त्यातले फोटो बघू लागला. तो एकामागून एक फोटो सरकवत राहिला. मेहुण्याने विचारले, "काय आहे रे?" तो म्हणाला, "सगळे चंद्राचेच आहेत." मग त्याने मोबाईल कठड्यावर ठेवला आणि बाबांचे पाय उचलले. मेहुण्याने खांदे धरले. त्यांनीच बाबांना खाली नेले व आपल्या गाडीत घातले. मीही सोबत बसले. वाटेत केबलवाला रडत होता. हे खरे आहे, म्हणून सांगते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले तेव्हा "गच्चीवर पाय घसरून पडले" असे केबलवाल्याने सांगितले. मी तेव्हा बाबांची एक चप्पल गाडीत शोधत होते, त्यामुळे हे मला नंतर कागदावरून कळले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले. ते शुद्धीवर आले नाहीत.

दीर बुधवारी आले. त्यांनी दवाखान्याचे कागद वाचले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, आहे ते राहू दे. केस केली की लोक पहिलं हेच विचारणार, म्हातारा तिकडे बघत काय होता? बाबांच्या नावाला कधी बोट लागलं नाही. आता मेल्यावर कशाला चिखल उडवून घ्यायचा?" मी त्यांना म्हटले, "भाऊजी, लोक विचारतील. मी सांगेन, काय बघत होते ते."

काल सायंकाळी मी केबलवाल्याच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोने दार उघडले नाही. ती आत उभी होती, दाराखालून तिची पावले दिसत होती. मी बाहेरून म्हटले, "तुम्ही पाहिलंय त्यातून. एवढंच सांगा जाऊन." मी थोडा वेळ थांबून परत आले. तिला बोलावून विचारावे, पण नवऱ्यासमोर विचारू नये, अशी माझी विनंती आहे.

बाबांचा मोबाईल मी हजर करीत आहे. त्यातील फोटो पुसू नयेत. मंगळवारचा शेवटचा फोटो मी काल पाहिला. तो नीट आला आहे. खड्डे दिसतात.

मृताचा मुलगा हयात असताना सून तक्रार का देत आहे, असे मला विचारण्यात आले. ते पडले तेव्हा तेथे मी होते. केबलवाल्याशी आमचे पूर्वीचे भांडण नाही. त्याने बाबांना ठार मारायच्या हेतूने ढकलले असे मी म्हणत नाही. त्याने ढकलले, असे म्हणते. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार आहे. लिहिताना "पाय घसरून" हे शब्द दवाखान्याच्या कागदावरून यात आले होते, ते मी खोडायला लावून तेथे सही केली आहे.

हवालदारांनी हा जबाब मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो आहे व खरा आहे. माझे दीर बाहेर बाकावर बसले होते. त्यांनाही ऐकू जावा, म्हणून वाचताना दार उघडे ठेवायला मी सांगितले होते.