सायलीच्या गिटारीतली पाचर

सगळ्यांना हात जोडते. या सभामंडपात मी आजवर फक्त आरतीला उभी राहिले. आज बोलायचंय. सांभाळून घ्या.

तापाचं निमित्त झालं आणि माझी सायली गेली. एकुलती लेक.

काल तिच्या बँडची मुलं घरी आली. ओंकार म्हणाला, "काकी, जत्रेत आमी वाजवूचव नाय. सायली नाय, तर बँड पण नाय."

बाळांनो, त्याचं उत्तर आज देते.

मी मॅट्रिक झालेली बाई. इलेक्ट्रिक गिटारीतलं मला काय कळणार? पण ती ओटीवर तारा बदलायची, मी शेजारी तांदूळ निवडायची. एक तार तुटली की ही सगळ्याच जुळवत बसायची. मी म्हणायची, "गो, तुटली एक. बाकीच्यांका कित्याक छळतंस?"

"आये, हो ब्रिज तरंगतो आसा."

तारा टेकतात तो ब्रिज. पुढून त्याला तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. ओढ सारखी, म्हणून तो अधांतरी स्थिर. एक तार गेली की स्प्रिंगा त्याला मागे खेचतात, आणि न तुटलेल्या तारासुद्धा बेसूर होतात.

न तुटलेल्यासुद्धा. आमचं घर आज तसंच झालंय.

एकदा भर कार्यक्रमात तार तुटली, गाणं थांबलं. घरी येऊन रडली. ब्रिजमागे लाकडाची पाचर बसवली तर तो हलत नाही, म्हणाली. मी देवाच्या मोडक्या पाटाचा पाय दिला.

"देवाचो पाट गिटारीत?"

"देवाक चलता. तुका नको?"

पाचर बसली. ब्रिजला लावलेली दांडी दाबून सूर झुलवायची तिची हौस मात्र गेली. "हेलकावो गेलो तरी चलात, आये. गाणा थांबाक नये." हे तिचे शब्द. ऐकताय ना?

तिच्या जुन्या तारांनी मी परसात पडवळाचा मांडव बांधलाय. आज तिथे फूल दिसलं. हात लावायचा धीर झाला नाही.

ओंकार, ही तिची गिटार. एक तार तुटलेलीच आहे. पाचर आत आहे. उरलेल्या पाच तारांवर जत्रेत वाजव. माझ्यामागे कुठली पाचर लावायची, ते देवालाच ठाऊक. तुम्ही मात्र हलू नका.

आता सगळे उभे राहूया. ओंकार, तारांवरून एकदा हात फिरव. स्पीकर लावू नको. बिल वाढेल म्हणून मी घरात तिला लावू द्यायची नाही. विजेशिवाय ही फार हळू वाजते.

म्हणून कोणी बोलू नका. तिचा आवाज विरेपर्यंत गप्प राहूया.