पन्नास मिलिमीटरचा पोल

हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर काढायला आलेल्या शिक्षिकाबाईंच्या डोळ्यांपुढे मासिक होतं, कान मात्र समोरच्या बाकावर. तिथे एक वेल्डर आणि दोन्ही मनगटांना पट्टे बांधलेली त्याची मुलगी बसली होती.

"काय म्हणाले गं डॉक्टर?"

"पोल डान्स बंद. कायमचा."

"पण तू तर कधी पडली नाहीस!"

"पडले नाही, बाबा. पोल जाड होता. बोटं पुरायची नाहीत, म्हणून तीन वर्षं सगळा भार मनगटांनी आवळून धरला."

"मी मुद्दाम पन्नास मिलिमीटरचा पाइप लावला. बारीक वाकला असता, तर तुझी मान..."

"क्लासच्या मॅडम चाळीसचा घे म्हणाल्या होत्या."

"मग तोंडातून ब्र का काढला नाहीस? एका दुपारीत बदलून दिला असता!"

"या नाचापायी वर्षभर बोलत नव्हतात माझ्याशी. मग एक दिवस पाइप खांद्यावर घेऊन आपणहून दारात उभे राहिलात. घासून घासून आरसा केला होता त्याचा."

"अगं, पण..."

"जाऊ द्या ना."

मुलीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

"बाबा, बाटलीचं झाकण तेवढं उघडून देता?"