खिडकीतला डावा बूट

—तसं नाही हो भंगारवाले, बोलावलं तुम्हाला माझ्या लेकीनं, पण माल माझा ना! बसा, त्या स्टुलावर बसा. आता तुम्ही विचाराल, ह्या मागच्या खोलीतल्या प्रत्येक जोडीत एक बूट काळा आणि एक करडा, हे कसं? — विचारा ना! — अहो, दुकानाच्या काचेच्या खिडकीत मी जोडीतला एकच पाय मांडतो, डावा. उजवा खोक्यात. चोर एक बूट नेऊन करणार काय, ही माझी अक्कल! मग डाव्याचा रंग उन्हानं उडतो, उजवा तसाच काळाभोर राहतो, आणि असलं विजोड जोडपं कोण घेणार? फेकायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून मीच चिठ्ठी लावतो — ‘फेकू नये’. झाडणाऱ्या मावशी चिठ्ठी बघतात नि वळसा घालून जातात. गोंद सुटला, तळांचा भुगा झाला, पण हुकूम म्हणजे हुकूम.

लेक माझी पेशींची डॉक्टर — माणसांची नाही, प्रयोगशाळेतल्या पेशींची. नातेवाइकांना समजावता समजावता आमची जीभ झिजली. काल तिनं माझी अँजिओग्राफी पाहिली आणि थेट इथं येऊन उभी राहिली. म्हणाली, “बाबा, तुमच्या रक्तवाहिनीत अगदी हेच झालंय.” मी म्हटलं, “बूट?” — हसली नाही हो.

तर म्हणते, अंगात रोज पेशी मरतात, आणि आपल्याच झाडूवाल्या पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात. गाजावाजा नाही. पण नळीच्या भिंतीत चरबी साचली, की त्या बिचाऱ्या ती खाऊन खाऊन फुगतात नि तिथंच मरतात — आणि त्यांना उचलायला कोणी येईना! का? तर काही मेलेल्यांच्या अंगावरसुद्धा खूण राहते, ‘मला खाऊ नका’. घ्या! म्हणजे माझ्या आतही मीच चिठ्ठ्या लावत बसलोय. मग ढीग आत कुजतो, वर नुसती पातळ साय — ती फाटली की रक्ताची गाठ, नळी बंद, दुकान बंद.

आज भरती व्हायचंय, उद्या त्या नळीत जाळी बसवणार. ती बाहेर गाडीत बसलीय. मी सांगितलंय, भंगाराचा भाव ठरवून येतो — म्हणजे तुमच्याशी! घाबरलो? छे! जिन्यात मध्येच थांबतो, ते आपलं मालावर नजर टाकायला. सकाळी छातीवर कुणी खोकी रचल्यागत झालं, ते अपचन. जन्मभर लोकांना चावरे बूट विकले, ‘होईल हो सैल’ म्हणत — आता स्वतःलाच विकतोय, होईल सैल, होईल सैल…

बरं, न्या सगळं. भाव नको, न्या. आणि जाताना शटर तेवढं तुम्हीच ओढा — नाही, जड नाही ते, हातच वर जाईना सकाळपासून, डावा. तिला बोलू नका हं, उगाच — अहो, असे काय बघताय? घाम का? पंखा बंद असेल… चालू आहे?

जा. हाक मारा तिला. बूट राहू द्या हो — पळा!